नोंद साखळीवर आहे, तरी पान म्हणतं 'सापडली नाही': आरपीसी एंडपॉइंटबाबत मदत हवी

खडीसाखर | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. एका प्रशिक्षण संस्थेच्या प्रमाणपत्र पडताळणीच्या अ‍ॅपची देखभाल नुकतीच आमच्या टीमकडे आली आहे. अ‍ॅप आधीच्या एका एजन्सीने बांधलेलं आहे. प्रमाणपत्राच्या पीडीएफचा हॅश (फाइलवरून काढलेला तिचा छोटा ठसा) पॉलिगॉन या ब्लॉकचेनवरच्या, म्हणजे साखळीवरच्या, कॉन्ट्रॅक्टमध्ये (तिथे चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) नोंदवला जातो. प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की एक पान उघडतं. ते पान एका प्रोव्हायडरच्या आरपीसी एंडपॉइंटला (साखळीबद्दलचे प्रश्न विचारायच्या पत्त्याला) विचारतं आणि हिरव्या पट्टीवर 'नोंद आढळली' किंवा लाल पट्टीवर 'नोंद सापडली नाही' असं दाखवतं.

तक्रार लाल पट्टीची आहे. मागच्या आठवड्यात एका कारखान्याच्या भरतीत गेटवरच मुलांचे कोड स्कॅन करत होते. फिटरचा कोर्स केलेल्या एका मुलीचा कोड लाल आला. परत केला, परत लाल. तिथल्या माणसाने कागद तिच्या हातात ठेवला आणि पुढच्याला बोलावलं. संध्याकाळी तिने घरून स्कॅन केला तर हिरवा! ती नोंद दोन वर्षांपूर्वीची आहे, एक्सप्लोररवर (साखळीवरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर) व्यवहार स्वच्छ दिसतो.

दुसरा प्रकार त्याहून सौम्य. आत्ता दिलेलं प्रमाणपत्र लगेच स्कॅन केलं तर कधी हिरवं, कधी लाल, आणि रिफ्रेश केलं की उलट.

साखळीवर नोंद आहे आणि एंडपॉइंट नाही म्हणतो, हे होतंच कसं? स्वतःचा नोड (साखळीची प्रत ठेवणारा प्रोग्राम) चालवावा लागेल का? की दोन-तीन प्रोव्हायडर घेऊन भागेल? बजेट फार नाही.

बिनतारी | सोमवार, रात्री ९:४०

दोन्ही प्रकारांची कारणं वेगळी असणार. आधी एवढं सांगा: पान कोणती मेथड वापरतं? आणि एरर आली तर कोड काय करतो? ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये लाल पट्टीच्या वेळचं खरं उत्तर बघा. रिकामी यादी आहे की एरर?

खडीसाखर | सोमवार, रात्री १०:२५

मेथड ईथ_गेटलॉग्ज, म्हणजे साखळीवरचे लॉग (नोंदी) चाळणारी. कॉन्ट्रॅक्ट टाकलं त्या ब्लॉकपासून (ब्लॉक म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा) 'लेटेस्ट' म्हणजे सगळ्यात नव्या ब्लॉकपर्यंत, शोधायच्या अटीत (टॉपिकमध्ये) हॅश. एजन्सीच्या कोडमध्ये ट्राय-कॅच आहे आणि कॅचमध्ये (एरर आली तर चालणाऱ्या भागात) सरळ रिकामी यादी परत केली आहे. एकाच वेळी बऱ्याच विनंत्या पाठवून बघितलं तर मधूनमधून ४२९ येतोय. कधी 'रेंज फार मोठी' असा मजकूर असलेली एररही येते.

बिनतारी | सोमवार, रात्री ११:०५

मग गेटवरचं कारण सापडलं. भरतीच्या सकाळी पन्नास-शंभर मुलांचे कोड एकदम स्कॅन झाले, मोफत योजनेची मर्यादा संपली, प्रोव्हायडर ४२९ म्हणाला. म्हणजे 'आत्ता विचारू नका'. कॅचने त्याची रिकामी यादी केली आणि पानाने रिकाम्या यादीचा अर्थ 'नोंद नाही' असा लावला. प्रोव्हायडरने नाही म्हटलंच नव्हतं.

हे आधी दुरुस्त करा, आजच करा. पानाला तीन उत्तरं हवीत: आढळली, आढळली नाही, आणि तपासता आलं नाही. तिसरं उत्तर लाल नको, वेगळ्या रंगात द्या आणि खाली 'थोड्या वेळाने पुन्हा तपासा, याचा अर्थ प्रमाणपत्र खोटं आहे असा नाही' असं ठळक मराठीत लिहा. गेटवरच्या माणसाला एचटीटीपीचे कोड कळायचं कारण नाही, पण एवढं वाक्य तो नक्की वाचेल.

रेंजचंही तेच. गेटलॉग्ज ही सगळ्यात महाग मेथडांपैकी एक. पॉलिगॉनवर साधारण दोन सेकंदाला एक ब्लॉक, म्हणजे वर्षाला दीड कोटीच्या आसपास. दोन वर्षांची रेंज एका फटक्यात मागितली तर बहुतेक प्रोव्हायडर नकारच देतात. प्रत्येकाची मर्यादा वेगळी आणि ती योजनेनुसार बदलते. त्यामुळे एकीकडे चाललेला कोड दुसरीकडे हलवला की मोडतो.

कॉन्ट्रॅक्टचा सोर्स आहे का तुमच्याकडे? त्यात हॅशवरून तारीख किंवा हो-नाही देणारं मॅपिंग असेल, तर लॉग चाळायची गरजच नाही. ईथ_कॉल करा. एक छोटा वाचनाचा प्रश्न, लगेच उत्तर.

खडीसाखर | मंगळवार, सकाळी ८:३०

आहे! पब्लिक मॅपिंग आहे, हॅश दिला की नोंदीची वेळ मिळते, नसेल तर शून्य. एजन्सीने ते का वापरलं नाही कळत नाही. कॅच काढून तिसरं उत्तर टाकतेय.

कंदीपेढा | मंगळवार, सकाळी ९:१५

छान धागा, वाचतोय. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हेच शिकतोय. एक मूलभूत प्रश्न विचारू का? एंडपॉइंट म्हणजे नक्की काय असतं पलीकडे? एक मशीन?

पश्चिमवारा | मंगळवार, दुपारी १:२०

@कंदीपेढा, खडीसाखर यांचा दुसरा प्रश्न तुझ्या प्रश्नातच सुटतो, म्हणून सविस्तर लिहिते. मी इथे जर्मनीत पेमेंटच्या कामात आहे, या प्रकाराशी रोज गाठ पडते.

तुझं अ‍ॅप जेसन-आरपीसी नावाच्या पद्धतीने एचटीटीपीवरून प्रश्न पाठवतं: मेथडचं नाव, पॅरामीटर, एक आयडी. पलीकडे नोड असतो, म्हणजे साखळीचे सगळे ब्लॉक स्वतः तपासून ठेवणारा प्रोग्राम. इथेरियम या साखळीसाठी गेथ, नेदरमाइंड, एरिगॉन वगैरे. पॉलिगॉनसाठी बोर आणि जोडीला हाइमडाल. तू घरी गेथ चालवलास तर तो ८५४५ पोर्टवर उत्तर देतो. रिमोट एंडपॉइंट म्हणजे हेच, पण दुसऱ्याच्या मशीनवर.

दुसऱ्याची 'मशीन' मात्र एक नसते. एका पत्त्यामागे लोड बॅलन्सर आणि त्यामागे नोडांचा ताफा असतो. प्रत्येक नोडला नवीन ब्लॉक थोड्या वेगळ्या वेळी मिळतो. एसटी स्टँडवर चौकशीच्या चार खिडक्या असाव्यात आणि प्रत्येकीतल्या माणसाला गाडी लागल्याचा निरोप मागेपुढे पोचावा, तसं. दोघेही खरं बोलतात, पण आपापल्या क्षणाचं.

आता बघ. अ‍ॅपने विचारलं 'शेवटचा ब्लॉक कोणता?', अ नोड म्हणाला ५००. मग अ‍ॅपने विचारलं '५०० पर्यंतचे लॉग दे', हा प्रश्न ब नोडकडे गेला आणि तो अजून ४९८ वर आहे. ब ने काय करावं? एरर द्यावी असं आपल्याला वाटेल. पण क्लायंटच्या (म्हणजे गेथसारख्या नोडच्या प्रोग्रामच्या) बऱ्याच आवृत्त्या त्यांच्याकडे आहे तिथपर्यंत शोधून गपचूप रिकामी यादी देत आल्या आहेत. एचटीटीपी २००, एरर नाही, यादी रिकामी. अ‍ॅप समजतं ५०० पर्यंत तपासून झालं, आणि पुढे ५०१ पासून सुरू करतं. ४९९ आणि ५०० मधल्या नोंदी कायमच्या सुटल्या. लॉगवर चालणाऱ्या पेमेंट सिस्टीममध्ये यातून ग्राहकाचे पैसे 'हरवतात'. साखळीवर असतात, हिशेबात नसतात.

रिफ्रेश केल्यावर हिरवं-लाल होण्याचं कारण हे. ताजी नोंद, आणि मागे असलेला नोड.

हिशेबनीस | मंगळवार, दुपारी २:०५

मी सीए आहे, कोड लिहीत नाही, पण दोन क्लायंटांच्या क्रिप्टो व्यवहारांचा हिशेब करावा लागतो. 'साखळीवर असतात, हिशेबात नसतात' हे वाक्य वाचून दचकलो, कारण रिकन्सिलिएशनमध्ये (दोन हिशेब ताडून बघताना) नेमकं असंच दिसलं होतं. यावर उपाय काय? थांबणं?

पश्चिमवारा | मंगळवार, दुपारी ३:१०

थांबणं हा अर्धा उपाय. पूर्ण उपाय म्हणजे प्रश्न ब्लॉकच्या नंबराशी न बांधता ब्लॉकच्या हॅशशी बांधणं.

गेटलॉग्जला फ्रॉम-टू ऐवजी एका ब्लॉकचा हॅश देता येतो. ईआयपी-२३४ (ईआयपी म्हणजे इथेरियमच्या सुधारणांचे प्रस्ताव) ने ती सोय केली. ज्या नोडकडे तो ब्लॉकच नाही तो 'माहीत नाही' अशी एरर देतो. आपल्याला हवी ती हीच एरर! ती आली की दुसरीकडे विचारायचं किंवा सेकंदभराने परत विचारायचं. ईथ_कॉल आणि शिल्लक विचारणाऱ्या मेथडांसाठी हीच सोय ईआयपी-१८९८ मध्ये आहे. शिवाय हॅशमुळे आणखी एक गोष्ट साधते. मध्येच साखळीचं टोक बदललं, म्हणजे रीऑर्ग झाला, तर त्याच नंबरावर वेगळा ब्लॉक येतो. नंबराने विचारणाऱ्याला हे कळतच नाही, हॅशने विचारणाऱ्याला कळतं.

आणि पैशांसाठी 'लेटेस्ट' वापरू नका. इथेरियमवर सप्टेंबर २०२२ नंतर १२ सेकंदाचा स्लॉट आणि ३२ स्लॉटचा इपॉक आहे. दोन इपॉक, म्हणजे साधारण १३ मिनिटं झाली की ब्लॉक पक्का होतो. त्यासाठी 'फायनलाइज्ड' हा टॅग आहे, तो वापरा. मे २०२३ मध्ये लागोपाठ दोन दिवस फायनॅलिटी काही वेळ अडकली होती. ब्लॉक येत होते, पक्के होत नव्हते. 'लेटेस्ट' बघणाऱ्यांना काहीच वेगळं दिसलं नसेल.

हिशेबनीस | मंगळवार, दुपारी ३:३०

आभारी आहे. आकड्यांबद्दलही सांगा. एका एक्स्पोर्टमध्ये शेवटचे आकडे सगळे शून्य आलेले दिसले.

बिनतारी | मंगळवार, दुपारी ४:००

नोड रक्कम हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या आकड्यांत) आणि वेईमध्ये (ईथर या चलनाच्या सगळ्यात लहान एककात) देतो. १ ईथर म्हणजे एकावर अठरा शून्यं इतके वेई. जावास्क्रिप्टचा साधा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच बिनचूक असतो, म्हणजे साधारण ०.००९ ईथर. त्यापुढे शेवटचे आकडे घसरतात. कोडमध्ये बिगइंट (मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) वापरलं नसेल, किंवा एक्सेलने पंधरा अंकांनंतर शून्यं भरली असतील. आणि प्रत्येक टोकनला अठरा दशांश स्थळं नसतात. इथेरियमवर यूएसडीसीला सहा आहेत. गृहीत धरू नका, कॉन्ट्रॅक्टला विचारा.

गच्चीवरचा_नोड | मंगळवार, रात्री ८:४५

स्वतःच्या नोडबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. नाशिकला घरी इथेरियमचा नोड चालवतोय. २ टीबीची चांगली एनव्हीएमई लागते (साधी सॅटा एसएसडी घेऊ नका, मागे पडते आणि कधीच गाठत नाही), १६ जीबीपेक्षा जास्त रॅम घ्या, अनलिमिटेड ब्रॉडबँड. मर्ज या सप्टेंबर २०२२ च्या बदलानंतर दोन प्रोग्राम लागतात, एक एक्झिक्युशनचा (व्यवहार चालवणारा), एक कन्सेन्ससचा (कोणता ब्लॉक मानायचा ते ठरवणारा).

आपल्याकडचे खास त्रास दोन. एक, लाईट. इन्व्हर्टर असला तरी राउटर आणि केबलवाल्याचं जंक्शन दोन्ही चालू राहायला हवीत. वीज परत आल्यावर नोड सुरू होतो आणि विचाराल ते उत्तरही देतो, पण ते उत्तर वीज गेली तेव्हाचं असतं. म्हणून माझ्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक वेळी आधी शेवटच्या ब्लॉकची टाइमस्टॅम्प घड्याळाशी ताडून बघतो. ईथ_सिंकिंग (नोड मागे आहे का, हे सांगणारी मेथड) 'फॉल्स' म्हणालं तरी टाइमस्टॅम्प बघायचीच, कारण पीअरच (जोडलेले इतर नोड) मिळाले नाहीत तर नोडला आपण मागे आहोत हेच कळत नाही.

दोन, बरेच ब्रॉडबँडवाले स्वतंत्र सार्वजनिक आयपी देत नाहीत. बाहेरून घरच्या नोडला विचारायचं तर व्हीपीएन बोगदा लागतो. पण ८५४५ पोर्ट राउटरवर उघडून देऊ नका, कधीच नाही. २०१८ मध्ये असे उघडे पोर्ट शोधत फिरणाऱ्यांनी अनलॉक ठेवलेल्या खात्यांतून दोन कोटी डॉलरच्या वर किमतीचं ईथर नेलं होतं.

पॉलिगॉनचा नोड मात्र घरी नको. ब्लॉक दोन सेकंदाला, डिस्क अनेक टीबी, दोन वेगळे प्रोग्राम सांभाळायचे. खडीसाखर ताईंच्या कामाला ते परवडणार नाही.

खडीसाखर | मंगळवार, रात्री ९:५०

धन्यवाद दादा, मग स्वतःचा नोड बाद. दोन प्रोव्हायडर घ्यायचं ठरवतोय. एजन्सीच्या कोडमध्ये वीएम (viem) लायब्ररी आहे, तिच्यात फॉलबॅक (एक पत्ता चालला नाही तर दुसरा) आहे. त्यात दोन पत्ते टाकले की झालं ना?

बिनतारी | मंगळवार, रात्री १०:३०

थांबा. वीएमचा फॉलबॅक एरर आली तरच पुढच्याकडे जातो. मागे असलेल्या नोडचं रिकामं किंवा जुनं उत्तर एरर नसतं, त्यामुळे फॉलबॅक हलणार नाही. इथर्स (ethers) या दुसऱ्या लायब्ररीच्या फॉलबॅक प्रोव्हायडरमध्ये कोरम आहे, इतक्यांचं उत्तर जुळलं तरच स्वीकार. पण तिथेही 'लेटेस्ट' विचारलं तर दोन चांगले प्रोव्हायडर एका ब्लॉकच्या फरकाने वेगळी उत्तरं देतील आणि विनाकारण तंटा होईल.

मी असं करेन. दोघांकडून शेवटचा ब्लॉक घ्यायचा, त्यातल्या लहान नंबरापासून थोडे मागे जायचं, त्या नंबराचा हॅश दोघांना विचारायचा. हॅश जुळला तर त्याच हॅशवर ईथ_कॉल करायचा. नाही जुळला तर 'तपासता आलं नाही'. फार मागेही जाऊ नका: गेथच्या घराण्यातला साधा फुल नोड शेवटच्या १२८ ब्लॉकांचीच स्टेट (त्या त्या क्षणी साखळीवर साठवलेली सगळी मूल्यं) ठेवतो, पॉलिगॉनवर ते जेमतेम चार-पाच मिनिटं. त्याआधीच्या ब्लॉकवर कॉल केला तर 'मिसिंग ट्राय नोड' म्हणतो आणि मग आर्काइव्ह नोडचे (जुनी सगळी स्टेट ठेवणाऱ्या नोडचे) पैसे मोजावे लागतात. तुम्हाला दोन वर्षांपूर्वीची नोंद आजच्या स्टेटमधूनच मिळते, आर्काइव्हची गरज नाही.

आणि सुरुवातीला दोघांनाही ईथ_चेनआयडी, म्हणजे साखळीचा ओळख क्रमांक, विचारा. पॉलिगॉनचा १३७. वाचायला क्षुल्लक वाटतं, पण कॉन्फिगमध्ये टेस्टनेटचा (चाचणीच्या साखळीचा) पत्ता राहून गेला तर पान सगळ्या प्रमाणपत्रांना शांतपणे 'नाही' म्हणेल.

खडीसाखर | बुधवार, सकाळी १०:१०

चेन आयडी बघायला सांगितलंत ते बरं झालं. प्रत्यक्ष वापरातला पत्ता १३७ च आहे, पण आमच्या टेस्ट सर्व्हरच्या फाइलमध्ये ८०००१ आहे आणि तो एंडपॉइंट काहीच उत्तर देत नाही.

गच्चीवरचा_नोड | बुधवार, सकाळी १०:४०

८०००१ म्हणजे 'मुंबई' टेस्टनेट. पॉलिगॉनची सुरुवातच मुंबईतली, २०१७ ला मॅटिक नेटवर्क म्हणून, तेव्हा नावही घरचंच होतं. मुंबई टेस्टनेट इथेरियमच्या गोर्ली टेस्टनेटला बांधलेली होती. गोर्ली बंद होत गेली तशी एप्रिल २०२४ मध्ये मुंबईही बंद केली. आता अमॉय वापरा, चेन आयडी ८०००२, ती सेपोलिया या इथेरियमच्या दुसऱ्या टेस्टनेटला बांधलेली आहे. माझं पहिलं कॉन्ट्रॅक्ट मुंबईवर होतं, त्या पत्त्यावर आता काहीच मिळत नाही याचं वाईट वाटतं.

पश्चिमवारा | बुधवार, दुपारी १२:३०

@बिनतारी, हॅश जुळवणं पूर्ण मान्य. पण एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. पान अजून वापरणाऱ्याच्या ब्राउझरमधूनच प्रोव्हायडरला विचारतंय ना? ते बंद करून स्वतःच्या सर्व्हरमधून विचारा असं मी म्हणेन.

एक, एपीआय की (प्रोव्हायडर ग्राहकाला देतो ती ओळखीची किल्ली). ब्राउझरच्या कोडमधली की कुणीही नेटवर्क टॅबमधून उचलतो. डोमेनचं बंधन घालता येतं, पण ब्राउझरबाहेरून ओरिजिन हेडर बनवणं अवघड नाही. तुमची मर्यादा दुसराच कुणी संपवेल आणि पुन्हा गेटवर लाल पट्टी.

दोन, खाजगीपणा. ब्राउझरमधून गेलेल्या प्रत्येक प्रश्नाबरोबर आयपी पत्ता जातो. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटामास्क या क्रिप्टो वॉलेटच्या कंपनीने धोरणात लिहिलं की डीफॉल्ट एंडपॉइंट इन्फ्युरा वापरला तर आयपी आणि वॉलेटचा पत्ता गोळा होतो, तेव्हा केवढा गदारोळ झाला! वॉलेटचं सोडा. गडचिरोलीच्या एटापल्लीत २०२२ मध्ये ६५,००० जातीचे दाखले पॉलिगॉनवर नोंदवायचं काम सरकारने हाती घेतलं होतं. अशा दाखल्याची पडताळणी कोण, कुठून, कधी करतंय ही माहिती परदेशातल्या एखाद्या कंपनीच्या सर्व्हर लॉगमध्ये का जावी? हॅशवरून नाव कळत नाही हे खरं, पण कोणत्या कार्यालयातून कोणता हॅश तपासला गेला हे तर कळतं.

बिनतारी | बुधवार, दुपारी २:१५

खाजगीपणाचा मुद्दा वजनदार आहे. तरीही माझी हरकत आहे, आणि ती मूळ हेतूबद्दलची आहे. संस्थेच्या सर्व्हरने विचारायचं आणि संस्थेच्याच सर्व्हरने 'हो, खरं आहे' सांगायचं, मग साखळीवर कशाला गेलो? साधा डेटाबेस पुरला असता. साखळीवर जायचं कारण एवढंच की संस्था उद्या बंद पडली किंवा तिथल्या कुणी नोंद फिरवली, तरी मुलीच्या हातातल्या कागदाची शहानिशा तिसऱ्या माणसाला स्वतः करता यावी. ती वाट पानावर उघडी राहिलीच पाहिजे.

पश्चिमवारा | बुधवार, दुपारी ३:००

मान्य. मग दोन्ही ठेवूया. नेहमीचं उत्तर सर्व्हरमधून, आणि खाली 'स्वतः तपासा' असा विभाग: कॉन्ट्रॅक्टचा पत्ता, पीडीएफचा हॅश, आणि स्वतःच्या पसंतीचा एंडपॉइंट टाकायची जागा. ज्याला आपला आयपी द्यायचा नाही तो देणार नाही, ज्याला संस्थेवर भरवसा ठेवायचा नाही तो ठेवणार नाही.

इथेरियमवर असतो तर याहून पुढे जाता आलं असतं. ईथ_गेटप्रूफ ही मेथड उत्तराबरोबर मर्कल पुरावा (उत्तर त्या स्टेटमधलंच आहे याचा गणिती दाखला) देते, आणि तो ब्लॉक हेडरमधल्या स्टेट रूटशी (सगळ्या स्टेटच्या एकत्रित हॅशशी) ताडता येतो. हेडर खरा कशावरून? ५१२ व्हॅलिडेटरांची (ब्लॉक तपासून त्यांवर मत देणाऱ्यांची) सिंक कमिटी त्यावर सही करते, दर २७ तासांनी ती बदलते. हेलिऑससारखा हलका क्लायंट हे सगळं लॅपटॉपवर करतो आणि एंडपॉइंटने खोटं उत्तर दिलं तर ते पकडतो. पॉलिगॉनवर तितकी सरळ सोय मला दिसलेली नाही, म्हणून तिथे स्वतंत्र प्रोव्हायडरांची तुलना हाच व्यवहार्य मार्ग.

कंदीपेढा | बुधवार, दुपारी ४:२०

पण प्रोव्हायडर खोटं कशाला बोलेल? एवढ्या मोठ्या कंपन्या असतात.

गच्चीवरचा_नोड | बुधवार, संध्याकाळी ७:१०

खोटं बोलायची इच्छा लागत नाही रे. ११ नोव्हेंबर २०२० ला इन्फ्युरा गेथच्या जुन्या आवृत्तीवर होती. त्या आवृत्तीतली एक गंभीर चूक पुढच्या आवृत्तीत गाजावाजा न करता दुरुस्त झालेली होती. त्या दिवशी एका व्यवहाराने ती चूक जागी केली आणि जुन्या आवृत्तीचे नोड वेगळ्याच फाट्यावर गेले. इथेरियम व्यवस्थित चालू होतं, पण मेटामास्कमध्ये लोकांना शिल्लक चुकीची किंवा जुनी दिसत होती, बायनान्स या एक्स्चेंजने ईथर काढणं थांबवलं. ज्यांचे दोन्ही एंडपॉइंट शेवटी त्याच ताफ्यात जात होते त्यांचा 'बॅकअप' तेव्हा काय कामाचा? म्हणून दोन प्रोव्हायडर निवडताना ते स्वतःचे नोड चालवतात की दुसऱ्याचे विकतात, हे विचारून घ्या.

आणि १ जुलै २०२२ चा प्रकार तर प्रत्येकाने लक्षात ठेवावा. अँकर ही कंपनी चालवत असलेल्या, पॉलिगॉन आणि फँटम या साखळ्यांच्या सार्वजनिक एंडपॉइंटचं डीएनएसच (नावावरून सर्व्हर शोधून देणारी नोंद) चोरांनी पळवलं. पत्ता तोच, पलीकडे मात्र चोर. लोकांना एरर दिसायची, आणि एररमध्ये एका साइटवर जाऊन सीड फ्रेज (वॉलेट उघडणारे गुप्त शब्द) टाका असं लिहिलेलं. एंडपॉइंटकडून आलेला एररचा मजकूर जसाच्या तसा वापरणाऱ्याला दाखवू नका, हा त्यातला कामाचा धडा. कोड बघा, आणि वाक्य आपलं स्वतःचं लिहा.

खडीसाखर | बुधवार, रात्री ९:००

हे ऐकून अंगावर काटा आला. कॅच काढल्यापासून आमच्या पानावर 'तपासता आलं नाही' च्या खाली एररचा मजकूर जसाच्या तसा छापला जातो. आज रात्रीच काढते. नोंद करणारी खाजगी की आमच्या सर्व्हरवर आहे, ती प्रोव्हायडरकडे जात नाही ना?

बिनतारी | बुधवार, रात्री ९:४०

तुमचा कोड ईथ_सेंडरॉट्रान्झॅक्शन (आधीच सही केलेला व्यवहार पाठवणारी मेथड) वापरत असेल तर नाही. सही तुमच्याकडे होते, प्रोव्हायडरला फक्त सही केलेला व्यवहार जातो आणि त्यात तो एक अक्षरही बदलू शकत नाही. फार तर पुढे पाठवणार नाही. म्हणून तोच सही केलेला व्यवहार दोन्ही प्रोव्हायडरांकडे बेधडक पाठवा. हॅश एकच असतो, दोनदा नोंद होत नाही. दुसरा 'आधीच माहीत आहे' म्हणाला तर ते यशच समजा.

नॉन्स (खात्यातून जाणाऱ्या व्यवहारांचा अनुक्रमांक) मात्र स्वतःच्या डेटाबेसमध्ये सांभाळा. 'पेंडिंग' नॉन्स प्रत्येक नोडच्या मेमपूलप्रमाणे (त्याच्याकडे थांबलेल्या व्यवहारांच्या यादीप्रमाणे) वेगळा येतो. पदवीदानाच्या दिवशी पाचशे नोंदी एकदम करायला गेलात की तिथे गोंधळ होईल.

कंदीपेढा | गुरुवार, सकाळी ११:००

वेबसॉकेटने (सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीने) नवीन ब्लॉकची सूचना घेतली तर मागे पडण्याचा प्रश्नच मिटेल ना?

बिनतारी | गुरुवार, दुपारी १:१०

नाही. वेबसॉकेट तुटतो, आणि कधी कधी तुटल्याचं कळतही नाही, नुसती शांतता पसरते. परत जोडल्यावर मधल्या ब्लॉकांच्या सूचना कुणी देत नाही. शेवटचा प्रक्रिया केलेला ब्लॉक स्वतःकडे लिहून ठेव आणि जोडणी झाल्यावर तिथपासून एचटीटीपीने भरून काढ. सूचना म्हणजे फक्त 'बघायला ये' अशी हाक. खरं वाचन हॅशनेच करायचं.

खडीसाखर | शुक्रवार, सायंकाळी ६:३०

मंडळी, आतापर्यंत झालेलं: कॅच गेला, तीन उत्तरांचं पान आलं, गेटलॉग्जच्या जागी ईथ_कॉल आला, स्वतःचे वेगवेगळे नोड चालवणारे दोन प्रोव्हायडर, हॅश जुळवणी, सर्व्हरमागे की, आणि 'स्वतः तपासा' विभाग. हॅश जुळवणीमुळे उत्तराला आधीपेक्षा किंचित जास्त वेळ लागतो, तो चालेल. प्रशिक्षण संस्थेने त्या कारखान्याला पत्र पाठवून त्या दिवशीचे लाल निकाल ग्राह्य धरू नका असं कळवलं आहे. मुलीला पुन्हा बोलावतील की नाही ते अजून कळलेलं नाही.

एक राहिलं. प्रोव्हायडर मागे पडतोय हे आम्हाला आधी कळावं यासाठी अलार्म कशावर लावू?

पश्चिमवारा | शुक्रवार, रात्री ८:१५

गच्चीवरचा यांनी सांगितलेली टाइमस्टॅम्प. दर दहा-पंधरा सेकंदांनी दोघांच्याही शेवटच्या ब्लॉकची वेळ घड्याळाशी ताडा. दोन सेकंदाच्या साखळीवर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त अंतर पडलं तर त्या प्रोव्हायडरला रांगेतून काढा, आणि दोघंही मागे असतील तर पान सरळ 'तपासता आलं नाही' वर न्या. तेव्हा बहुधा खुद्द साखळीचीच काही गडबड असते आणि प्रोव्हायडर बदलून उपयोग नसतो. दुसरा अलार्म ४२९ च्या प्रमाणावर. भरतीच्या तारखा संस्थेला आधी कळतात. त्या आठवड्यापुरती वरची योजना घ्या आणि नंतर खाली या, बहुतेक प्रोव्हायडर महिन्याच्या महिन्याला बदलू देतात.

खडीसाखर | शुक्रवार, रात्री ८:४०

तारखा मागवल्या आहेत. पुढची भरती अठ्ठावीस तारखेला आहे, त्याआधी सोमवारी एकदम दोनशे स्कॅनची चाचणी घेते आणि आकडे इथेच टाकते.